शाल, श्रीफळ आणि हलाखीची बातमी

‘एकेकाळी रंगमंच गाजवणारी कलावंत आज हलाखीत.’ हे शीर्षक आमच्या धंद्यात कायम तयार असतं. नाव बदलायचं, गाव बदलायचं, पडक्या घरासमोर म्हातारीला उभं करून फोटो काढायचा. खाली एखादी ओळ काळाच्या महिम्याची. संध्याकाळी कुणीतरी पुढारी पाकीट आणि किराण्याची पिशवी घेऊन जातो, त्याचा वेगळा फोटो. दोन दिवसांत विषय संपला.

गेल्या पंधरा दिवसांत माझ्या व्हॉट्सॲपवर असे दोन मजकूर आले. एक लोह्याकडून, एक औशाकडून. "सर, बातमी लावा, लई व्हायरल होईल." मी लावली नाही. का लावली नाही, हे एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा इथंच लिहितो. लांबलचक आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी न वाचता लाइक करू नये, सरळ पुढं जावं.

मुळात ‘हलाखीत’ या शब्दाशीच माझं भांडण आहे. हलाखी आभाळातून पडल्यासारखी लिहिली जाते. गारपीट झाली, पूर आला, तशी कलावंत हलाखीत गेली. तिचे पैसे कुणी बुडवले, कुणाच्या गल्ल्यात गेले, तीस वर्षं काम केलं त्या काळात तिला मजुरी काय मिळत होती, हे बातमीत नसतं. असलंच तर एवढं असतं की दारूची सवय होती, नवरा वाईट निघाला, डोक्यात हवा गेली होती, पैसा टिकवता आला नाही. म्हणजे दोष तिचा आणि दया आपली. फुकटचं पुण्य.

बावीस-तेवीस वर्षांपूर्वी पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो, तेव्हा आमच्या एका सरांनी वर्गात ‘सनसेट बुलेव्हार्ड’ दाखवला होता. १९५० चा सिनेमा, दिग्दर्शक बिली वाइल्डर. आम्ही खेड्यापाड्यातली पोरं, इंग्रजी अर्धंच कळत होतं, पण गोष्ट कळली. मूकपटाच्या काळातली एक बडी नटी, नॉर्मा डेस्मंड. बोलपट आले आणि तिचं काम गेलं. भल्यामोठ्या घरात एकटी राहते, स्वतःचेच जुने सिनेमे लावून बघते. तिला अजून चाहत्यांची पत्रं येत असतात, त्यावरच ती जगते. पुढं कळतं की ती पत्रं तिचा नोकर मॅक्स लिहितो. आणि हा मॅक्स कोण, तर तिला घडवणारा जुना दिग्दर्शक आणि तिचा पहिला नवरा.

आज फॉलोअर विकत मिळतात. त्याचे मेसेज मलाही येतात, तुम्हालाही येत असतील. मॅक्स आता मोबाइलमध्ये बसलाय एवढंच.

पण सरांनी तो सिनेमा दाखवला होता शेवटासाठी. नॉर्माच्या हातून खून झालाय, तिचं भान गेलंय, पोलीस तिला न्यायला आलेत. ती जिना उतरायला तयार नाही. खाली न्यूजरीलवाले, म्हणजे त्या काळचे बातमीवाले, कॅमेरे लावून उभे आहेत. मॅक्स त्याच कॅमेऱ्यांचा आधार घेऊन शूटिंग चालू असल्याचं भासवतो आणि ती जिना उतरून येते, जणू तिच्या नव्या सिनेमाचा शॉट आहे. सर म्हणाले, यात तुम्ही कुठं आहात ते शोधा. आम्ही म्हणालो, प्रेक्षकांत. ते म्हणाले, नाही, तुम्ही खाली कॅमेरे लावून उभे आहात.

आपल्याकडं गुरुदत्तनं १९५९ साली ‘कागज के फूल’ काढला. एका सिनेदिग्दर्शकाची वाताहत. लोकांनी तो सपशेल पाडला. त्यानंतर गुरुदत्तनं दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव कुठल्या सिनेमाला लावलं नाही आणि १९६४ ला तो गेला. आज त्याच सिनेमाच्या क्लिपा आपण एकमेकांना पाठवतो. यावर मी जास्त लिहीत नाही, गुरुदत्तसाठी हळहळणारे गावोगाव आहेत. माझं भांडण त्या हळहळीशीच आहे.

मराठी माणसानं खरा बघावा तो ‘भूमिका’. १९७७ चा, श्याम बेनेगलांचा. भाषा हिंदी असली तरी गोष्ट आपली. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावरून घेतलेला. स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नव्या पोरांना हंसाबाई माहीत नसतील. ‘संत सखू’, ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि १९५९ चा अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’, जो पुण्यात शंभरावर आठवडे चालला, त्या सिनेमांची ही नायिका. पोरवयातच कामाला लागली, कारण घराला पैसे हवे होते. घराण्याच्या नावाला बट्टा नको म्हणून आडनाव बदलून घ्यावं लागलं. म्हणजे पैसा चालतो, नाव चालत नाही. लग्न झालं तर वाटलं आता संसार करू, पण तिथंही तिची कमाई लागतच होती.

आणि आपल्याकडच्या लोकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट. नवऱ्याशी भांडण करून बाहेर पडलेल्या हंसाबाई एका माणसासोबत गेल्या आणि पोचल्या कुठं, तर आपल्या मराठवाड्यातल्या एका खेड्यात. त्या माणसाचा आधीच संसार होता. तिथं त्या काही वर्षं अडकून पडल्या. जिला पडद्यावर बघायला पुण्या-मुंबईत रांगा लागत होत्या, तिला त्या घराबाहेर पडायची सोय नव्हती. ‘भूमिका’मध्ये अमरीश पुरीचा जो वाडा दाखवलाय, तो बघताना हे लक्षात असू द्या. झगमगाटाची काळी बाजू म्हटलं की आपल्याला मुंबई आठवते, पार्ट्या आठवतात. हंसाबाईंच्या आयुष्यातला तो सगळ्यात बंदिस्त काळ आपल्याच मातीत गेला.

हे आत्मकथन हंसाबाईंनी सांगितलं आणि लिहून घेतलं अरुण साधूंनी. साधू तेव्हा तरुण पत्रकार होते, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अजून लिहून व्हायचे होते. ‘माणूस’ साप्ताहिकातून ते आलं, मग पुस्तक झालं. एका पत्रकारानं एका नटीसमोर बसून तिचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये मध्ये स्वतःचे उसासे घातले नाहीत. हंसाबाई त्यात स्वतःच्या दारूबद्दल सांगतात, स्वतःच्या चुकांबद्दल सांगतात, काही लपवत नाहीत. पण त्याच दमात घर कुणाच्या कमाईवर चालत होतं तेही सांगतात. हलाखीची बातमी करणारा यातलं पहिलं उचलतो आणि दुसरं सोडून देतो. आमच्या धंद्यात साधूंच्या कादंबऱ्यांचं कौतुक सगळे करतात, हे ऐकून घेण्याचं काम मात्र फारसं कुणी करत नाही. वेळ लागतो ना. आणि वेळ देऊन केलेल्या कामाला लाइक पडत नाहीत.

आता २००२ साल घ्या. १५ जानेवारीला विठाबाई नारायणगावकर गेल्या. ४ फेब्रुवारीला भगवानदादा गेले. वीस दिवसांच्या आत महाराष्ट्राची दोन माणसं, एक तमाशातलं आणि एक सिनेमातलं. दोघांनीही लोकांना वेड लावलं होतं, दोघांचेही शेवटचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले.

विठाबाईंना १९५७ आणि १९९० असं दोनदा राष्ट्रपतींच्या हातून गौरवण्यात आलं. शेवटी दवाखान्याचं बिल लोकांच्या देणग्यांतून भागवावं लागलं. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. म्हणजे जिवंतपणी बिलाला पैसे नव्हते आणि मेल्यावर नावाला तरतूद आहे. त्यांची ती गोष्ट सगळ्यांनी ऐकली असेल, भर कार्यक्रमात कळा सुरू झाल्या, कनातीमागं बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत नाचायला उभ्या राहिल्या. आपण ती छाती फुगवून सांगतो. कलेची निष्ठा बघा म्हणतो. मला सांगा, तुमच्या घरातल्या सुनेची अशी गोष्ट कुणी सांगितली तर तुम्ही तिला निष्ठा म्हणाल का? नवव्या महिन्यात बाईला नाचावं लागत होतं, कारण खेळ बंद म्हणजे सगळ्या फडाची चूल बंद. बाळंतपणाची रजा नसण्याची ही गोष्ट आहे. तिला आपण शौर्यकथा करून टाकलं, कारण शौर्यकथेला उत्तर द्यावं लागत नाही.

भगवानदादा म्हणजे भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचं पोर. १९५१ चा ‘अलबेला’ त्यांचा, सी. रामचंद्रांचं संगीत. जुहूला बंगला होता, गाड्यांचा ताफा होता. पुढचे सिनेमे आपटले, बंगला गेला, गाड्या गेल्या आणि दादा दादरच्या चाळीतल्या खोलीत येऊन राहिले. किरकोळ कामं करत राहिले, गर्दीत नाचणारा म्हातारा वगैरे. असं सांगतात की गणपतीची मिरवणूक त्यांच्या चाळीखाली थांबायची, त्यांच्या गाण्यावर त्यांच्याच स्टेप करून लोक नाचायचे आणि मग मिरवणूक पुढं जायची. लोक ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगतात. मला त्यातलं शेवटचंच दिसतं. मिरवणूक पुढं जायची.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आपल्या सगळ्यांना आवडतो. मलाही. पण तो दादासाहेब फाळक्यांच्या यशावर थांबतो. पुढं कंपनी, भांडणं, काशीला निघून जाणं, बोलपट आल्यावर मागं पडणं आणि १९४४ ला नाशिकमध्ये जवळजवळ विस्मरणात जाणं, हे त्यात नाही. सिनेमा कुठं थांबवावा हा दिग्दर्शकाचा हक्क आहे, तक्रार नाही. पण आपल्यालाही बरोबर तिथंच थांबलेलं आवडतं, हे मात्र खरं. सरकारनं १९६९ साली त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. तो दरवर्षी कुणाला मिळाला हे स्पर्धा परीक्षेवाली पोरं पाठ करतात.

आता कमेंटमध्ये येणार ते आधीच सांगून टाकतो. ‘सर, त्यांनी पैसा उधळला, त्याला समाज काय करणार?’ बरं. भगवानदादांनी उधळला असेल. धंद्यात पैसा घातला आणि बुडाला. आपल्या भागात साखर कारखाने बुडाले नाहीत का? बँका बुडाल्या नाहीत का? कारखाना अडचणीत आला की सरकारकडं थकहमी मागतात, कर्जाचं पुनर्गठन होतं. चेअरमन चाळीतल्या खोलीत राहायला गेल्याचं मी वीस वर्षांच्या पत्रकारितेत पाहिलं नाही. उलट पुढच्या निवडणुकीत बॅनरवर असतो. बुडण्याची शिक्षा एकट्या कलावंतालाच का?

दुसरं येणार ते म्हणजे, ‘आपला रितेश बघा, लातूरचं नाव काढलं.’ काढलं, त्याच्या मेहनतीबद्दल वाद नाही. पण २००३ मध्ये त्याचा पहिला सिनेमा आला तेव्हा वडील मुख्यमंत्रिपदावर होते. सिनेमा पडला असता तर बाभळगावचं घर होतं. तपोवन एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बसून जाणाऱ्या पोराच्या मागं काय असतं, दोन एकर कोरडवाहू आणि सोसायटीचं कर्ज.

आजचं बोलू. जुन्या सिनेमांत रमणं सोपं असतं.

गौतमी पाटीलच्या कार्यक्रमांच्या बातम्या आठवा. ‘गौतमीच्या कार्यक्रमात राडा.’ हे शीर्षक किती वेळा वाचलंत? राडा कुणी केला? खुर्च्या कुणी फेकल्या, पत्र्यावर कोण चढलं, पोलिसांनी लाठ्या कुणाला मारल्या? आपल्याच गावच्या पोरांनी. पण वाक्य असं रचलंय की तो तिनंच घातला. २०२३ च्या फेब्रुवारीत तिचा कपडे बदलतानाचा व्हिडिओ कुणीतरी चोरून काढला आणि तो राज्यभर फिरला. गुन्हा दाखल झाला, महिला आयोगानं दखल घेतली. तिच्या नाचाबद्दल तुमचं मत काहीही असो, माझंही काही मत आहे, पण इथं त्याचा संबंध नाही. तो व्हिडिओ ज्या ग्रुपांवर फिरला ते ग्रुप आपलेच होते. त्यात ‘संस्कृती रक्षण’ नावाचेही असणार. आणि दुसऱ्या दिवशी त्याच हातांनी ‘लावणीची बदनामी थांबवा’ असं टाइप केलं.

‘सैराट’ २०१६ च्या एप्रिल अखेरीस लागला. रिंकू राजगुरू तेव्हा शाळकरी पोरगी. गर्दीमुळं तिला शाळेत बसणं जमेना, दहावीची परीक्षा बाहेरून द्यावी लागली. मग तिला किती टक्के पडले ही राज्याची बातमी झाली. एखाद्या पोरीची मार्कलिस्ट सगळ्या महाराष्ट्रानं वाचायचं काय कारण? तिनं काम चांगलं केलं, तिला राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळाला, विषय संपायला हवा होता. तिच्या घरासमोर उभं राहून सेल्फी मागणारे, ‘आर्चीनं दहावीत किती दिवे लावले’ म्हणणारे, हे कुणी मुंबईहून आले नव्हते. ती टिकली, पुढं कामं केली, ही तिची आणि तिच्या आईबापाची कमाई. आपण तर तिला शाळेतून उठवलं होतं.

आता आपल्या दारात या. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर, कुठंही जा, मोबाइलच्या दुकानाचं उद्घाटन असो की ज्वेलर्सचं, एखादा रीलवाला पोरगा आणतात. आमच्याच जिल्ह्यातला असा एक पोरगा मी जवळून बघितलाय. नाव लिहीत नाही, त्याला आधीच पुरेसा त्रास आहे. वेंधळं बोलतो म्हणून लोक हसले आणि त्या हसण्यावर तो मोठा झाला. उघड्या गाडीत उभं करून मिरवणूक, जेसीबीतून फुलं, गर्दीत दोनशे मोबाइल वर. उद्घाटन झाल्यावर दुकानाच्या मागच्या बाजूला भेटला. विचारलं, मानधन किती? म्हणाला, "सर, तेचं मॅनेजर बघतो. मला पेट्रोल अन् जेवण भेटतंय." मॅनेजर कोण, तर वर्षभरापूर्वी भेटलेला एक जण. कागद? काही नाही. बारावी? सोडली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आता तो मुद्दाम वेंधळं बोलतो. नीट बोललेल्या रीलला व्ह्यू पडत नाहीत, असं त्यानंच मला नीट बोलून सांगितलं.

याच्यावरची बातमी आजच लिहून ठेवता येते. पाच-सात वर्षांनी लागेल. ‘एकेकाळचा रीलस्टार आज हलाखीत.’

दुसरा धंदा ऑडिशनचा. ‘मराठी चित्रपट व मालिकेसाठी बालकलाकार पाहिजेत, वय ५ ते १५, रविवारी सकाळी १०.’ स्टेशनजवळच्या एखाद्या हॉटेलचा हॉल. आईबाप लेकराला पावडर लावून घेऊन येतात. रजिस्ट्रेशन फी, मग ‘सिलेक्ट’ झाल्यावर पोर्टफोलिओचे पैसे, मग वर्कशॉपचे. सिलेक्ट सगळीच लेकरं होतात. गंमत बघा, ‘लातूर पॅटर्न’च्या गावात अकरावीच्या क्लासची फी भरताना दहा ठिकाणी चौकशी करणारा बाप इथं एक पावतीसुद्धा मागत नाही. त्याला वाटतं सिनेमा आहे, इथं पावती मागितली तर पोराचा चान्स जाईल. मी एकदा एका बापाला म्हणालो, दादा, सिनेमाचं नाव तरी विचारा, निर्माता कोण ते विचारा. तो म्हणाला, "सर, तुमचं म्हणनं बराबर हाय, पर पोरीचं नशीब असंल तर?" या ‘असंल तर’वरच सगळी दुकानं चालतात. आणि अशा ऑडिशनच्या बातम्या फोटोसकट छापून येतात, ‘ग्रामीण कलाकारांना सुवर्णसंधी’ म्हणून. छापण्याआधी आयोजकाला एवढं विचारा: पैसे कलाकाराकडून घेणार की कलाकाराला देणार? ज्या निर्मात्याला खरंच कलाकार पाहिजे असतो तो पैसे देतो. नागराज मंजुळेंनी ‘फँड्री’साठी सोमनाथ अवघडेला करमाळा तालुक्यातल्या गावातून शोधून काढलं, त्याच्या बापाकडून पोर्टफोलिओचे पैसे घेतले नव्हते.

आता थोडं सरकारबद्दल. वृद्ध कलावंतांना मानधन द्यायची योजना राज्यात १९५४-५५ पासून आहे. हल्ली तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. आधी तिच्यात अ, ब, क असे वर्ग होते, राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक. अ वर्गाला महिन्याला ३,१५०, ब ला २,७००, क ला २,२५०. मोंढ्यात सोयाबीनची प्रत लावतात तशी कलावंतांची प्रत. २०२४ मध्ये हे वर्ग काढून सरसकट ५,००० केले, चांगलं झालं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण ५,००० मिळवायला आधी सिद्ध करावं लागतं की तुम्ही कलावंत होता. पुरावे लागतात. कात्रणं, प्रमाणपत्रं, दाखले.

तमाशाच्या फडात तीस वर्षं नाचलेल्या बाईकडं कुठून येणार कागद? फडातला व्यवहार ऊसतोडीसारखा. दसऱ्याच्या आधी उचल घ्यायची, हंगामभर फेडायची, पुढच्या वर्षी परत उचल. ना हजेरीपट, ना पगाराची पावती. करोनाच्या दोन वर्षांत यात्रा बंद पडल्या तेव्हा उचलीचं देणं राहिलं आणि कमाई थांबली. तिचं नाव पोस्टरवर असायचं, पण पोस्टर भिंतीवर लागायचं, त्यावर पाऊस पडायचा.

नांदेड जिल्ह्यातल्या अशा एका मावशींकडं मी गेलो होतो. गाव लिहीत नाही, लगेच पिशव्या घेऊन जाणारे निघतील. म्हटलं, मावशी, अर्जाला लावायला काही आहे का? त्यांनी पत्र्याची पेटी ओढली. वर सगळ्या शाली. घडीच्या घडी, प्लॅस्टिकसकट. खाली चार-पाच सन्मानचिन्हं, एकावर नाव चुकलेलं. सत्कार करणाऱ्यांचे फोटो होते, त्यात त्या कडेला आणि पुढारी मध्ये. नाचतानाचा, काम करतानाचा एकही फोटो नाही. म्हणाल्या, "शाली हाईत की दादा, पेटीभर हाईत. कोन घेतंय शाली? थंडीत पांघरावं म्हनलं तर त्यात ऊब न्हाई." अर्ज त्यांनी दोनदा दिला होता. एकदा पुरावा अपुरा म्हणून परत, एकदा पुढं काय झालं ते कुणी कळवलं नाही.

ज्यांनी सत्कार केले त्यांच्याकडं सत्काराची पत्रिका असते, खर्चाचं बिल असतं, बातमी असते. तोच पुरावा होऊ शकतो. शाल देताना सोबत एक सही-शिक्क्याचं पत्र दिलं असतं, की अमुक बाई अमुक सालापासून अमुक फडात काम करत होत्या आणि आम्ही त्यांना पाहिलंय, तर त्या मावशींचं मानधन सुरू झालं असतं. पत्राला खर्च किती, एक कागद. पण पत्र देताना फोटो चांगला येत नाही.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आपली जिल्हा परिषद लावणी महोत्सव घेते. चांगली गोष्ट आहे, बाकीच्यांनी शिकावं अशी. तिथं पुढच्या रांगेत आमदार-खासदार बसतात, फेटे बांधतात, बक्षिसं जाहीर होतात. माझी मागणी एवढीच आहे की या वर्षी त्याच मंडपात एक टेबल लावा. समाजकल्याणचा किंवा पंचायत समितीचा एक माणूस बसवा, त्याच्याकडं मानधनाचे अर्ज असू द्या. यात्रेत किती फड येतात ते सगळ्यांना माहीत आहे. पन्नाशी ओलांडलेल्या बाया आणि गडी तिथंच सापडतील, त्यांच्यासोबत तीस-तीस वर्षं काम केलेले साक्षीदारही तिथंच, एकाच तंबूत. फडमालकाची सही तिथंच घेता येते. गावोगाव हिंडायची गरज नाही. हे लेखी देणार आहे, कोण-कोण सोबत सही करणार ते कळवा. कलाप्रेमी म्हणवणाऱ्यांनी तरी करावी. लातूरकरांनी आपल्याकडच्या यात्रांसाठी असंच मागावं, अर्जाचा मसुदा मी देतो.

आणि ज्यांनी मला ते दोन मजकूर पाठवले त्यांना उत्तर. त्या दोघींच्या पडक्या घराचे फोटो माझ्याकडं आहेत, ते वापरणार नाही. मला हे पाठवा: कुठल्या फडात होत्या, कुठल्या साली, मालक कोण, शेवटची उचल किती होती आणि ती फिटली का, अर्ज दिला असेल तर कुठल्या तारखेला आणि कुणाच्या टेबलावर आहे. सोबत काम केलेलं कुणी हयात असेल तर त्यांचा नंबर, त्यांना विचारून. इनबॉक्समध्ये पाठवा, कमेंटमध्ये नको. रविवारी सकाळी मी लोह्याला जातोय, औशाला त्याच्या पुढच्या रविवारी. कुणाला सोबत यायचं असेल तर गाडीत दोन जागा आहेत. मोबाइल खिशात ठेवायचा असेल तरच या.